अमुकच्या जागी

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवतो आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जावा शिकवताना दर वर्षी एक तास असा येतो, की मी फळ्यावर दोन टोकदार कंस काढतो आणि त्यांच्यामध्ये टी हे एकच अक्षर लिहितो. मुलं विचारतात, सर, टी म्हणजे काय? मी म्हणतो, टी म्हणजे काहीच नाही. ती मोकळी सोडलेली जागा आहे.

मग मी डब्याचं उदाहरण देतो. समजा, आपल्याला एक डबा करायचा आहे. वस्तू आत ठेवणं, बाहेर काढणं, किती उरलं ते बघणं, ही कामं डाळीला जशी तशीच पोह्यांना. मग डाळीचा डबा एकदा आणि पोह्यांचा डबा पुन्हा एकदा, असं दोनदा कशाला लिहायचं? एकदाच लिहा. आत काय ठेवायचं ते ठरवू नका, तिथं टी लिहा. जो वापरील तो सांगेल, माझा डबा डाळीचा. एकदा त्यानं तसं सांगितलं की त्या डब्यात पोहे टाकता येणार नाहीत. कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधी तो तपासून घेणारा, तिथल्या तिथं हात धरील. याला जेनेरिक्स म्हणतात.

मी नोकरीला लागलो तेव्हा हे आमच्याकडे कुणी वापरत नव्हतं. सगळ्या वस्तू एकाच पोत्यात भरायच्या आणि काढताना अंदाजानं म्हणायचं, हे पुस्तक आहे. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी मी पहिला प्रोग्राम लिहिला तो असाच. तपासणीला समिती आली, ग्रंथपालांनी मोठ्या रुबाबात बटण दाबलं, पुस्तकाच्या जागी एक सभासद निघाला आणि पडदा लाल ओळींनी भरला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "चालू द्या तुमचं, आम्ही चहा घेऊन येतो." त्या दिवसापासून मी जेनेरिक्सच्या प्रेमात पडलो.

प्रेम म्हणतो, कारण माझा स्वभावच आवराआवरीचा. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली दिसली की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "तुमच्या हातात असतं तर तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा एकदाच छापली असती, नवरा-नवरीची जागा मोकळी सोडून." ती थट्टा करते, पण मला तेव्हा त्यात थट्टेसारखं काही दिसत नव्हतं. पत्रिकेत तसंही बदलतं काय?

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लातूरच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. आई गेल्यावर ते माझ्याकडे नांदेडला राहायला आले, त्याला आता चार वर्षं झाली. येताना त्यांनी एक ट्रंक आणली, आणि ट्रंकेत लाल कापडी बांधणीची एक वही होती. ती माझ्या आजोबांच्या हातची, अण्णांसाठी लिहून ठेवलेली. आजोबा निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. वहीत पितृपक्षातल्या तर्पणाचे मंत्र होते, आणि ज्याच्या नावानं पाणी सोडायचं त्याचं नाव, गोत्र, नातं, सगळं जागच्या जागी लिहिलेलं होतं. अण्णा पन्नासेक वर्षं त्या वहीतून वाचत आले होते.

मला त्या वहीशी काही देणंघेणं नव्हतं. बाप हयात असलेल्या माणसानं हे तर्पण करायचं नसतं, त्यामुळे ती नावं माझ्या तोंडी कधी आली नाहीत. पितृपक्षात अण्णा पाटावर बसायचे, मी तांब्यातून त्यांच्या ओंजळीत पाणी घालायचो, एवढंच माझं काम.

नांदेडला आल्यावर एका सकाळी अण्णांनी ती वही माझ्यापुढे ठेवली. शाई विटकी झाली होती आणि कसरीनं कडा खाल्ल्या होत्या.

"मला आता हे अक्षर दिसंना," ते म्हणाले. "कम्प्युटरवर मोठ्या अक्षरात करून देतोस का?"

मी दोन रविवार बसलो. टंकता टंकता माझ्या लक्षात आलं, की नावं सोडली तर मंत्र तोच तोच आहे. बापासाठी एकदा, आजोबांसाठी पुन्हा, आईसाठी पुन्हा. माझं डोकं फिरायला तेवढं पुरे होतं. छापील पोथ्यांत अशा जागी 'अमुक' हा शब्द असतो हे मला माहीत होतं, अमुक गोत्र, अमुक नाम. मला वाटलं, अरे, हा तर टी! आपल्या लोकांना हे केव्हापासून कळतंय. मी सगळी नावं काढली आणि तिथं अमुक घातलं. आता ही पोथी आमच्या एकट्याची राहिली नाही, ती कुणालाही चालेल, असं मी स्टाफरूममध्ये अभिमानानं सांगितलं. शे-दीडशे प्रती छापल्या, नातेवाइकांत वाटल्या, शेजारी वाटल्या. जेनेरिक्स शिकवताना वर्गातही उदाहरण म्हणून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अण्णांनी पहिली प्रत हातात घेतली, पानं उलटली.

"नावं कुठं गेली रे?"

"अण्णा, नावं तुम्हाला पाठ आहेत की. ज्याची त्यानं घालायची. आता कुणालाही वापरता येईल."

"हाव, पाठ हैत," ते म्हणाले. "चांगलं केलंस. अक्षर ठळक हाय." आणि शाळेत वह्या तपासताना करायचे तशी त्यांनी मान हलवली. मला शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

जुन्या वहीचा प्रश्न उरला. पोथी रद्दीत घालायची नसते, ती नदीत सोडायची असते. अण्णांनी ती फडक्यात बांधून दिली, वर एक फूल ठेवलं, आणि मी ती स्कूटरवरून गोदावरीच्या घाटावर नेऊन पाण्यात सोडली. जरा वेळ ती तरंगली, मग भिजून खाली गेली. मी घरी येऊन हात धुतले आणि ट्रंकेत मोकळ्या झालेल्या जागेत माझ्या जुन्या फायली ठेवल्या. जेवणाच्या ताटाचासुद्धा फोटो काढणारा मी, त्या वहीच्या एका पानाचा फोटो काढला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी मुलांना शंभर वेळा ऐकवली असेल.

गेल्या दोन वर्षांत अण्णांचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा, मग औषध घेतलं की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हे असंच जाणार, तुम्ही सोबत राहा. सतरा गुणिले तेवीस ते अजून झटक्यात सांगतात. दुपारी काय जेवलो ते सांगता येत नाही.

गेल्या पितृपक्षात नवमीचा दिवस होता. या नवमीला अविधवा नवमी म्हणतात. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस, माझ्या आईचा आणि अण्णांच्या आईचाही. अण्णांची आई, म्हणजे माझी आजी, अण्णा चार वर्षांचे असताना गेली, आणि आजोबांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईनं अण्णांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, म्हणून तिचं मन दुखू नये यासाठी पहिलीचा विषय घरात कुणी काढत नसे. फोटो नाही, दागिना नाही, भांड्यावर घातलेलं नाव नाही. अण्णा मला एकदाच बोलले होते, लातूरच्या घरी, माझी आई स्वयंपाकघरात असताना, हळूच. "वर्षातनं एकदा तिचं नाव माझ्या तोंडी येतं. त्या दिवशी वाटतं, आपल्याला आई होती."

त्या नवमीला अण्णा सकाळपासून नीट होते. स्वतः धोतर नेसले, पाटावर बसले, काळे तीळ हातात घेतले. मी पाणी घालत होतो. आतून खिरीचा वास येत होता, बायकोनं सवाष्ण जेवायला बोलावली होती. अण्णांनी माझी पोथी गुडघ्यावर धरून वाचायला सुरुवात केली. गोत्र आलं, वडिलांचं नाव आलं, आजोबांचं आलं. मी निश्चिंत झालो. मग आईची जागा आली आणि ते जसं छापलं होतं तसं वाचून गेले.

"अमुक," ते म्हणाले, आणि थांबले.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"इथं नाव असतंय."

"हो अण्णा. तुमच्या आईचं."

"मग लिहिलं का न्हाई?"

मी म्हणालो, "तुम्हाला पाठ आहे ना? तुम्ही दर वर्षी म्हणता."

ते आठवू लागले. ओठ हलत होते, काहीतरी पुढे येत होतं आणि मागे जात होतं. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून ताम्हनात पडत होतं, तीळ तळहाताला चिकटून राहिले होते. मग त्यांनी मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, शाळेत पोराला विचारावं तसं:

"तूच लिहिलीस न्हवं ही पोथी? तुला ठाऊक असंल की."

मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ठाऊक असायला हवं होतं, कारण ते नाव मी टंकलं होतं. खोडण्याआधी निदान चार वेळा ते माझ्या डोळ्यांखालून गेलं असणार. ते मी वाचलं नाही, फक्त खोडलं. नावात तीन अक्षरं होती एवढं पुसटसं आठवत होतं, आणि तेही खरं की मनानं रचलेलं, सांगता येत नव्हतं. अण्णा रडू लागले. मोठ्यानं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धोतराच्या सोग्यानं पोथीचं पान पुसत होते, जणू पान मळल्यामुळे दिसत नव्हतं.

बायकोनं त्यांना उठवून आत नेलं. मी पाटाशेजारी बसून राहिलो. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. आईचं नाव ऐकून ती आपली आई हे ओळखण्याइतके अण्णा आणखी किती दिवस शाबूत राहणार होते? डॉक्टर काही सांगत नव्हते. मी ठरवलं, सर्वपित्री अमावास्येच्या आत हे नाव शोधायचं. त्या दिवशी राहून गेलेल्या सगळ्यांना पाणी देता येतं. मधे पाच दिवस होते.

आधी जुना कम्प्युटर उघडला. फाइल होती, पण मी एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा सेव्ह करत गेलो होतो. पहिलं रूप कुठेच उरलं नव्हतं. मग लातूरच्या काकांना फोन केला. ते अण्णांचे सावत्र धाकटे भाऊ.

"मोठ्या आईचं नाव?" ते म्हणाले. "घरात ते कधी निघालंच न्हाई बघ. आमच्या आईला वाईट वाटंल म्हणून. अण्णाला इचार, त्यालाच ठाऊक."

नाशिकच्या उपाध्यांच्या वह्यांत घराण्यांची नावं असतात असं ऐकून तिथंही चौकशी केली. आमच्या घरचं कुणी कधी तिकडं गेलेलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला वर्ग होता, आणि धडा होता जेनेरिक्सचाच. मी फळ्यावर टी लिहिला, डबा सांगितला. पोथीचं उदाहरण गाळलं. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मुदखेडहून रोज रेल्वेनं येणारी, कमी बोलणारी मुलगी.

"सर, प्रोग्राम चालू असताना त्या डब्याला विचारलं, की तुझ्यात काय ठेवायचं ठरलं होतं, तर तो सांगंल का?"

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं. उत्तर मला झोपेतही देता येतं. जावात ते सांगता येत नाही. तपासणी होईपर्यंत कंपायलर टीच्या जागी काय आलंय ते लक्षात ठेवतो, आणि एकदा सगळं बरोबर आहे अशी खात्री झाली की ते पुसून टाकतो. प्रत्यक्ष चालताना डबा फक्त डबा असतो. याला टाइप इरेजर म्हणतात. पूर्वी लिहिलेले प्रोग्राम नव्या पद्धतीबरोबर चालत राहावेत म्हणून हे असं केलेलं आहे, आणि एरवी त्यानं काही बिघडत नाही, असंही मी दर वर्षी सांगतो.

"नाही सांगणार," मी म्हणालो. "ते पुसलेलं असतं."

"मग लिहिणाऱ्यानं कुठंतरी लिहून ठेवलं नसंल तर?"

"तर ते गेलं."

मी खडू खाली ठेवला, मुलांना म्हटलं आज एवढंच, आणि स्टाफरूममध्येही न जाता पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. मुलं काय समजली कोण जाणे. गेली वीस वर्षं हे मी शिकवत होतो आणि मला वाटत होतं, आपण डब्यांबद्दल बोलतोय.

संध्याकाळी बायकोनं एक साधी गोष्ट सुचवली, जी मला तीन दिवसांत सुचली नव्हती.

"सासरच्यांना ठाऊक नसेल," ती म्हणाली. "माहेर कुठलं त्यांचं?"

माहेर देगलूरचं. एवढं अण्णांच्या बोलण्यातून मला माहीत होतं. तिथं अण्णांची एक मामेबहीण होती, त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, माझी आत्या लागत होती. माझ्या लग्नात येऊन गेली होती. त्यानंतर येणंजाणं तुटलं. ती आहे की नाही हेही माहीत नव्हतं. फोनाफोनी केल्यावर कळलं, आहे, आणि चांगली खुटखुटीत आहे.

शनिवारी, अमावास्येच्या आदल्या दिवशी, अण्णांना घेऊन निघालो. नायगाव, नरसी करत देगलूर. रस्त्यानं सोयाबीन पिवळं पडलं होतं. अण्णा खिडकीतून पाट्या वाचत होते आणि दोन पाट्यांमधलं अंतर मनात वजा करून मला सांगत होते. कुठं चाललोय ते त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्हीदा सांगितलं, तुमच्या आजोळी. तिन्हीदा त्यांना आनंद झाला.

आत्या ओसरीवर बसली होती. गल्लीतली पोरं तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणतात, तेलंगण तिथून हाकेच्या अंतरावर. तिनं अण्णांना जवळ बसवलं, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तिचंच कपाळ," ती म्हणाली. "कसा हाईस रे बाळा?"

ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला बाळा म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. अण्णा हसले. तुम्ही कोण, असं त्यांनी अदबीनं विचारलं. तिनं सांगितलं. ते पुन्हा हसले आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघू लागले.

मी काय झालं ते सगळं आत्याला सांगितलं. वही, पोथी, नदी, काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "अन् आता नाव मागायला आलास. कोणतं नाव देऊ? आमचं का तुमचं?"

मला कळलं नाही.

"लग्नात तुमच्या लोकांनी तिचं नाव बदललं व्हतं. ताटात तांदळावर लिव्हलं, ते तुमचं. ते मला कसं ठाऊक असंल? आमच्या घरात तिला कुणी त्या नावानं हाक मारली न्हाई. ते तुम्ही जपायचं व्हतं."

वहीत असणार ते सासरचं नाव. ते गेलं. पृथ्वीवर ते आता कुणाकडेच नव्हतं. मी खाली बघत बसलो. आत्याला माझी दया आली असावी.

"आमचं देते," ती म्हणाली. "मी धा वर्षांची व्हते. बाळंतपणाला आली व्हती इथं, ह्या मागच्या खोलीत. तिसऱ्या दिवशी गेली, अन् ल्येकरू पण गेलं. जाताना लई ताप व्हता. माझी आई तिला नावानं हाका मारून राहिली व्हती, रात्रभर. ते माझ्या कानात हाय अजून."

आणि तिनं ते नाव सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं, मोबाइलमध्ये लिहिलं, परत येताना बायकोला फोन करून तिलाही लिहून घ्यायला लावलं. इथं मात्र लिहीत नाही. एकदा मी ती पोथी सगळ्यांच्या उपयोगाची करायला निघालो होतो आणि काय झालं ते सांगितलंच आहे. ते नाव आमच्या घरी आहे, तेवढं बस.

तिनं ते नाव घेतलं तेव्हा मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ते कोंबड्या मोजत होते. उशीर झाला, असं मला वाटलं. परतीच्या वाटेवर मी ते नाव दोनदा मुद्दाम घेतलं. "कोण त्या?" त्यांनी विचारलं, आणि मग, "जेवल्या का त्या?" मी गाडी बाजूला घेतली आणि जरा वेळ बाहेर उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. मी माझ्या छापील पोथीची एक प्रत घेतली. जिथं जिथं अमुक होतं तिथं तिथं काट मारली आणि वर शाईच्या पेनानं एकेक नाव लिहिलं. वडिलांचं, आजोबांचं, सावत्र आईचं, माझ्या आईचं. एकच नाव तीन ठिकाणी आलं तिथं तीनदा लिहिलं. आजीच्या जागी माहेरचं नाव लिहिलं. शास्त्राला ते चालतं की नाही मी कुणाला विचारलं नाही. माझं अक्षर आजोबांसारखं नाही, पण मोठं काढलं.

दुपारी अण्णा पाटावर बसले. धोतर मी नेसवलं. दर्भ बोटात घालायचा कसा हे ते विसरले होते, पण पोथी हातात दिल्यावर वाचायला लागले. मंत्र स्वच्छ येत होते, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकत नव्हतं. मी पाणी घालत होतो, पाणी अंगठ्याच्या बाजूनं ताम्हनात जात होतं. बायको दारात उभी होती.

आईची जागा आली. अण्णांनी नाव वाचलं. पाणी सोडलं. दुसऱ्यांदा वाचलं, सोडलं. तिसऱ्यांदा नाव वाचलं आणि हात तसाच पुढे धरून राहिले. पाणी सुटून गेलं तरी त्यांनी हात मागे घेतला नाही. मला वाटलं, पुढचं विसरले. मी वाकून ओळ दाखवायला गेलो.

"ह्या नावानं मामा हाक मारायचा तिला," ते म्हणाले. "बैलगाडीतनं. न्यायला आला व्हता तवा."

मी तांब्या खाली ठेवला.

"आई गाडीत बसली. मला म्हणाली, तू हितंच थांब, मी तुला घ्यायला येते." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी कोण हे त्यांना त्या घटकेला ठाऊक होतं असं मला वाटत नाही. "मी रोज टोपी घालून ओट्यावर बसायचो."